एका श्वासात बैल

जव्हारच्या शाळेत आम्हाला चित्रकला शिकवायला एक मास्तर यायचे. एरवी ते संस्थानच्या कचेऱ्यांचे फलक रंगवत. चित्र काढण्याआधी हात मोकळा करायचा, हा त्यांचा नियम. श्वास रोखायचा, तो सुटायच्या आत पाटीवर बैल काढायचा आणि लगेच पुसायचा. माझा बैल कायम शिंगांपाशीच अडकायचा. कुणी पुसायला कुरकुरला की मास्तर म्हणत, "पुसा! एका बैलावर जीव जडला की दुसरा उठत नाही."

पुढे संस्थान विलीन झालं. कचेरीच्या लाकडी फलकावरचं संस्थानचं नाव खरवडून मुंबई राज्याचं लिहायचं काम मास्तरांकडेच आलं. आम्ही बघायला गेलो. जुन्या नावाची ती वेलबुट्टीतली अक्षरं त्यांनीच एकेकाळी अख्खा श्रावण खपून रंगवली होती. शिडीवर उभे राहून ते खरवडायची पट्टी अक्षराला लावत आणि पुन्हा खाली घेत.

मी खालून ओरडलो, "मास्तर, पुसा की! दुसरा उठायचा नाय!"

"तुझा बैल शिंगांच्या खाली उतरू दे, मग बोल!"

दुसऱ्या दिवशी फलकावर नवं नाव झळकत होतं. मास्तरांनी फलकच उलटा करून ठोकला होता. जुनं नाव भिंतीकडे तोंड करून शाबूत होतं.

पुढच्या तासाला मास्तर म्हणाले, "हं, पुसा!"

अख्ख्या वर्गाने पाट्या उलट्या केल्या.