भाचीचे मासे, भाऊजींचा हात

आमच्या भाऊजींना काही सांगावं आणि त्यांनी ते ऐकावं, असं ताईच्या लग्नापासून आजवर एकदाही झालेलं नाही. माणूस वाईट नाही. उलट इतका भला आहे की त्याच्यावर धड चिडताही येत नाही, आणि मग माझंच पित्त वाढतं.

भाऊजी बेकरीत भट्टीवर आहेत. मिसरूड फुटत होतं तेव्हा लागले, ते अजून तिथेच. पहाटे घर सोडतात आणि दुपारी पीठ अंगावर घेऊन परत येतात. भट्टी तापली की नाही हे बघायला ते तिच्या तोंडाशी हात धरतात, मनातल्या मनात काहीतरी मोजतात आणि म्हणतात, "टाका." मग पाव आत जातो. मालकाने एकदा उष्णता दाखवणारा काटा आणून बसवला होता. भाऊजींनी त्यावर आपली टोपी अडकवली.

इथवर ठीक होतं. भट्टी त्यांची, हात त्यांचा. पण वर्षभर घरी राहून भाची पुन्हा शिकायला दूरच्या शहरात गेली आणि जाताना तिचे दोन डिस्कस मासे बापाच्या स्वाधीन करून गेली. तिथून माझ्या नाकी नऊ आले.

हे मासे बशीएवढे गोल आणि चपटे. एक निळा, एक लाल, अंगावर नागमोडी रेघा. दिसायला राजबिंडे, पण प्रकृती तोळामासा. इतर माशांपेक्षा यांना जास्त उबदार पाणी लागतं, अठ्ठावीस ते तीस अंश, आणि तेही एकसारखं. सकाळी एक आणि संध्याकाळी भलतंच, असं त्यांना सोसत नाही. भाचीने हीटरचं बटण एकोणतीसवर लावलं, टाकीच्या काचेला आतून थर्मामीटर चिकटवला आणि मला बाजूला घेतलं.

"मामा, बाबांना त्या बटणाला हात लावू देऊ नका. नखाएवढे होते तेव्हापासून वाढवलेत मी. परत येईन तेव्हा दोघं जिवंत हवेत मला."

"तू निश्चिंत जा," मी म्हणालो. म्हणायला काय जातं!

माझी नोकरी चष्म्याच्या दुकानात. तिथून सुटलो की घरी जाताना ताईकडे डोकावायचं, असं ठरलं. पहिल्याच संध्याकाळी बघतो तर थर्मामीटर एकतीसच्या पुढे.

"भाऊजी, बटण कोणी फिरवलं?"

"मी. पाणी गार होतं."

"थर्मामीटर बघितलात का?"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? हात घातला, गार लागलं, वाढवलं."

मी बटण खाली आणलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वर. मी उतरवायचो, ते चढवायचे. मी बटणावर चिकटपट्टी लावली, तर ती सोलून त्यांनी व्यवस्थित गोळी करून खिडकीत ठेवली, वर म्हणाले, "तुझी पट्टी निघाली होती." शेवटी मी मासे विकणाऱ्या दुकानदाराकडे गेलो आणि सगळं गाऱ्हाणं घातलं. तो माझ्यावरच उखडला.

"साहेब, ते चढवतात आणि तुम्ही उतरवता, म्हणजे हाल कोणाचे? दोघांपैकी एकाने तरी हात बाहेर काढा."

मी का काढू? मी बरोबर होतो! पण हे मी कोणाला सांगणार? ताईला सांगायला गेलो तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "यांचं यांना कळतं. एवढी वर्षं आगीशी संसार केलाय त्यांनी. आणि तू रोज येऊन माशांपायी घर डोक्यावर घेऊ नकोस." घ्या! चोर सोडून संन्याशाला फाशी.

पुढच्या आठवड्यात तर कहर झाला. टाकीवर काचेचं झाकण गच्च बसवलेलं, वर जाड टॉवेल, आणि हवेचा पंप बंद.

"पंप का बंद केलात?"

"त्या बुडबुड्यांनी पाणी निवतं. आणि झाकण सारखं उघडू नकोस. भट्टीचं दार सारखं उघडलं की पाव बसतो."

"अहो, त्यांचा पाव नाही करायचाय आपल्याला! पाणी जितकं गरम तितकी त्यात हवा कमी. जीव गुदमरेल त्यांचा!"

"बरं बरं," भाऊजी म्हणाले. त्यांचं 'बरं बरं' म्हणजे 'तू गेलास की बघतो'. मी पंप सुरू केला, टॉवेल काढला, बटण एकोणतीसवर आणलं आणि पाय आपटत घरी गेलो.

रविवारी दुपारी गेलो, तेव्हा लाल मासा पाण्यावर आडवा तरंगत होता.

निळा एका कोपऱ्यात होता. त्याचा निळा रंग गेला होता, तो पार काळवंडला होता आणि त्याचे कल्ले भराभर हलत होते. थर्मामीटर पस्तीसच्या वर. मी हीटरची पिन उपटली, टॉवेल फेकला, पंप लावला. गार पाणी एकदम ओतायचीही सोय नाही, तो धक्का त्याला सोसला नसता. नुसतं बघत उभं राहायचं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"या इकडे," मी ओरडलो. भाऊजी आले. मेलेल्या माशाकडे बघून ते दारातच थबकले. मी त्यांचं मनगट धरून हात पाण्यात खुपसला. "सांगा आता! कसं आहे पाणी?"

त्यांनी डोळे मिटले. भट्टीपाशी मोजतात तसं मोजलं.

"गार आहे," ते म्हणाले.

मी माझा हात घातला. आंघोळीला काढावं तसं पाणी. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यात हट्ट नव्हता, थट्टा नव्हती. ते खरं तेच सांगत होते. तेव्हा मी त्यांचा हात बाहेर काढून पहिल्यांदा नीट पाहिला. बोटांवर फोड होते, काही जुने, काही ताजे. एक तर माझ्या अंगठ्याखाली फुटला, तरी त्यांनी हूं की चूं केलं नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आधी नुसती टोकं बधिर झाली." त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून आवाज खाली आणला. "मग बोटं. आता सगळा पंजाच. तुझ्या ताईला सांगू नकोस."

"आणि भट्टी?"

"तिथे तोंड पुढे करतो. गालाला समजतं अजून."

"मग इथेही गाल लावायचा होता! नाहीतर तो थर्मामीटर, तो काय शोभेला लावलाय?" माझा आवाज चढला होता, आणि चढला होता याचंच मला रडू येत होतं.

भाऊजी हात पुसत बसले.

"बघायचो रे. तुझ्याआधी बघायचो. काटा म्हणायचा एकोणतीस. मग हात घालायचो. वाटायचं, भट्टीचं जाऊ दे, एवढं साधं कोमट पाणी तरी कळेल. नाही कळायचं. मग थोडं वाढवायचो. मग आणखी थोडं. आज कळेल, आज कळेल, असं करत." त्यांनी टाकीकडे बघितलं. "माशांचं लक्षातच राहायचं नाही."

इतक्यात फोन वाजला. रविवारी भाची याच वेळेला फोन करते. भाऊजींनी माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली आणि फोन स्पीकरवर टाकला. मला कळलं, हाताचं बोलायचं नाही. गेल्या खेपेला ती तिकडे असताना ताईचा पाय मोडला, तेव्हा ही पोरगी परीक्षा सोडून धावत आली होती आणि तिचं सबंध वर्ष बुडालं होतं.

"बाबा, कसे आहेत दोघं?"

"लाल गेला गं," भाऊजी म्हणाले. "मी बटण फिरवलं."

मग तिचा बांध फुटला.

"एवढंच सांगितलं होतं! एका बटणाला हात लावू नका, एवढंच! तुम्ही आयुष्यात कधी कोणाचं ऐकलंत का? माझ्या कशाचीच किंमत नाही तुम्हाला!"

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. भाऊजींनी माझा दंड धरला. केवढ्या जोराने धरलाय हे त्यांचं त्यांना कळत नव्हतं. मला कळत होतं.

"चुकलं," ते म्हणाले. "हट्ट केला मी."

तिने फोन आपटला. मी भडकलो. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे यायचं, नाहीतर मी ताईला आणि पोरीला सगळं सांगेन, असं मी त्यांना तावातावाने बजावलं. येतो म्हणाले. मग म्हणालो, पण पोरीचे ते शब्द का ऐकून घेतलेत?

"असू दे," भाऊजी म्हणाले. "काळजीत पडली की ती येते. रागावली की तिथेच राहते."