कंदील जागेवर

माझ्या शिफारशीवरून टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर गेम खेळलेला पहिला माणूस आता हयात नाही. (दोन्ही गोष्टींचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आत्याला ते पटलेलं नाही.)

तो माणूस म्हणजे माझे वडील, अण्णा. कमरेचं हाड मोडून रिहे गावातल्या आमच्या घरी खाटेवर पडून होते. टीव्हीने डोळे दुखत. मी लवळ्याला एका कॉलेजात ग्रंथपाल. कोणाला काय वाचायला द्यावं, एवढंच मला कळतं. लॅपटॉप घेऊन मी त्यांच्याजवळ बसलो.

"अण्णा, या खेळात चित्रं नाहीत. नुसता मजकूर येतो. पुढे काय करायचं ते तुम्ही सांगा, मी टाइप करतो."

माळावर एक ओसाड घर. दार उघडं. आत खुंटीला कंदील, पलीकडे काळोख्या तळघराचा जिना.

"आदी चपला काढ," अण्णा म्हणाले.

टाइप केलं. खेळाचं उत्तर आलं: हे मला समजत नाही.

"मग हाक मार. कोण हाय का घरात?"

हे मला समजत नाही.

"अण्णा, इथे कंदील घ्यायचा असतो. सगळे घेतात."

"लोकाच्या घरातला? न इचारता?"

"घरात कुणी नाहीच आहे."

"मग तर न्हाईच घ्यायचा."

त्यामुळे आम्ही रोज कंदिलाशिवाय तळघरात उतरायचो. अण्णा रोज जिन्यावरून पडून मरायचे, चहा प्यायचे आणि पुन्हा त्या दारात उभे राहायचे. खरोखरचे एकदाच गेले.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळा जांभळीवर येऊन बसला, पण खाली उतरेना. गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय, असं म्हणून सगळे शब्द द्यायला लागले.

"दादा, रस्त्याकडंची जमीन इकणार न्हाई," तात्या म्हणाले. हे अण्णांचे धाकटे भाऊ. (नंतर त्यांनी 'सध्या' हा शब्द जोडून घेतला.)

"वयनीला मी संबाळीन," आत्या म्हणाली. आईने दचकून वर पाहिलं.

कावळा ढिम्म. त्याचा चेहरा मला ओळखीचा वाटला: हे मला समजत नाही.

आई सकाळपासून पाण्यावाचून बसली होती. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तशी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "दर्भाचा नगं. त्यांचं कशात आडलंय, तुला ठावं आसंल. शेवटी तुमी दोगंच बोलत हुता."

भादरलेलं डोकं खाली घालून मी हात जोडले. "अण्णा, मी कंदील घेतो. तुमचा खेळ पुरा करतो."

कावळा आणखी वरच्या फांदीवर गेला.

"काय घेतोस?" आत्याने विचारलं.

"कंदील."

"कुणाचा?"

"माहीत नाही."

"मग ठेव की जागेवर," आत्या म्हणाली. शेवटी बहीण त्यांचीच.

"अण्णा, कंदील जागेवर ठेवतो."

कावळा उतरला. आईने पदर तोंडाला लावला आणि बऱ्याच वेळाने पाणी मागितलं.

कॉलेजातली मुलं आता विचारतात, सर, सुरुवातीला खेळायला एखादा सोपा गेम सुचवा. मी तोच सुचवतो. ती अर्ध्या तासात तळघर धुंडाळून खजिना घेऊन परत येतात आणि विचारतात, "सर, तुम्ही कुठवर पोचलात?"

मी अजून दारातच आहे. चपला काढून.