अकरा घरांचं बी

शमा कुणाला काही विचारत नाही, ही तमीमुंतची जुनी धास्ती. लेक हुशार, कष्टाळू. पण एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक नसेल, हे तिच्या मनाला शिवतच नाही. सातव्या वर्षी खेचराला एकटीच पाण्यावर घेऊन गेली. दोघंही चिखलानं माखून परतली, आणि वर हिचं उत्तर, "खेचर घसरलं."

तीच शमा तेतुआनला शेतीशास्त्र शिकली, केतामाच्या डोंगरात परत आली आणि तिनं बायकांची सहकारी संस्था उभी केली. किफ, म्हणजे इथली भांग, आता परवान्यानं पिकतो, शिपायाची चाहूल घेत निंदणी करावी लागत नाही. पण बाहेरून आणलेलं बी पाण्याला हावरं. नुसत्या पावसावर तरतं ते इथलं गावठी बी, आणि ते उरलं होतं अकरा घरांत. गेल्या शरदात अकराही घरांनी ते शमाच्या ओटीत घातलं.

तमीमुंतची रीत अशी: बी तीन आठवडे सावलीत वाळवायचं, दाताखाली धरायचं. टक् वाजलं की अंजिराच्या राखेत मिसळून मडक्यात, आणि मडकं उत्तरेच्या भिंतीतल्या अंधाऱ्या कोनाड्यात. शमानं काचेच्या बरण्या आणल्या, घट्ट झाकणं लावली आणि संस्थेच्या फ्रिजात रांगेनं मांडल्या.

"राख कुठाय गं?"

"यम्मा, राख ओल शोषायला. मी ओल ठेवलीच नाही. चाव बघू."

तमीमुंतनं चावलं. टक्!

"फ्रिजात लोणी ठेवतात बाई," ती कुरकुरली. मनातून मात्र लेकीवर खूश झाली. तुझ्या कामात नाक खुपसणार नाही, असा शब्दही देऊन बसली.

आज दुपारी शमानं फोनवर बोलका निरोप पाठवला. मागे अकरा घरांतल्याच एका थोरलीचा, लल्ला रकियाचा, खणखणीत आवाज, "बी गारठून मेलं असेल तर तुलाच पुरेन त्या जागी!"

शमा हसत होती. "ऐकलंस यम्मा? उद्या सकाळी बायका जमल्या की बरण्या फ्रिजातून काढते आणि तिथल्या तिथं उघडते. प्रत्येकीनं आपल्या घरचं बी चावून बघावं, रीत आहे ना! अर्धं पेरायला, अर्धं लगेच परत आत."

पेरणीआधी घरच्या थोरलीनं बी चावायचं, ही रीत खरीच. पण ती मडक्यांच्या काळातली. मडकं खोलीइतकंच गार असायचं. झऱ्यात ठेवलेली ताकाची बरणी वर काढली की कशी घामेजते, हे तमीमुंत जन्मभर पाहत आलेली. गार बी उघड्यावर आलं की तसंच ओलं होणार, आणि तसंच झाकणाखाली कोंडलं जाणार. तीन वर्षांपूर्वी पावसानं दगा दिला, उगवलेलं सगळं करपलं, तेव्हा मागं ठेवलेल्या अर्ध्या बियाण्यानंच गाव सावरलं होतं. ते अर्धं कुजलं तर या डोंगरात दुसरं कुठून येणार?

उपाय सोपा होता. बरण्या आजच बाहेर काढायच्या, झाकणाला हात लावायचा नाही, उद्यापर्यंत खोलीत राहू द्यायच्या. काच बाहेरून कोरडी झाली की मग खुशाल उघडा.

शमा चिडेल, रकिया शेजारी बसून कान टवकारेल, दिलेला शब्दही मोडेल. मोडू दे. तमीमुंतनं पिठाचे हात पुसले आणि फोन उचलला.