हँडलवर घातलेला आळ

मंडळी, आज भंडाऱ्यात माझ्या मनगटाचा एक्स-रे पाहून डॉक्टरनं विचारलं, "हा हात कधी मोडला?"

"ऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट. गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल उलटं फिरलं." माझं नेहमीचं उत्तर.

तेव्हा मोहाडीत मी अन् मोठ्या भावानं अंगणातच भंगार व्हॅनमध्ये जीपचं डिझेल इंजन बसवलं. नारळ फुटला, अन् आधी स्टिअरिंगवर कोण बसणार यावरून आम्ही एकमेकांची नरडी धरली. त्यानं चाकाचा पाना हाणला. हाड कडकन वाजलं. घरी मी हँडलचं नाव घेतलं. हँडलनं हात मोडलेले गावात पुष्कळ होते, म्हणून सगळ्यायले पटलं.

आज शेजारी बसलेला भाऊ म्हणाला, "हँडल नाही, डॉक्टरसाहेब. म्या पान्यानं हाणलं होतं याले."

तो त्या स्टिअरिंगवर नंतर कधीच बसला नाही. सांगा, हे मले आजच काहून ध्यानात आलं?