झाकून ठेवलेला वाटा

गोंदियाच्या राईस मिलांमध्ये उसना म्हणजे उकडा तांदूळ करायला धान वाफवावं लागतं, आणि त्यासाठीचा बॉयलर बसवायला बहुतेक हा एकच फिटर येतो. मी मिलांचं वायरिंग करतो, म्हणून गाठ पडतेच. बोलणं फटकळ. पाइपाला कान लावलेला असताना कोणी बोललं, तर 'चूप बसा ना जी!' मग तो शेठ का असेना.

पहिली आग पेटवायच्या दिवशी पूजा होते, नारळ फुटतो. नवा बॉयलर फुटायची भीती असते, म्हणून हा सगळ्यांना बाहेर काढून एकटा आत राहतो. दाब चढून सेफ्टी व्हॉल्व्हची शिट्टी वाजली, की मगच बाहेर. आत जाताना मला बजावतो, "माझा परसाद झाकून ठेवजो." मला तो हावरटच वाटायचा.

परवा आमगावात प्रसाद संपला. हा दारातच थांबला, आत जाईना.

शेठ चिडले, "अरे, शाम को मिठाई का पूरा डिब्बा ले जाना!"

"नको जी. आताच ठेवा."

मी माझ्या हातातला खोबऱ्याचा तुकडा द्रोणात ठेवला. "आता तरी जा ना भाऊ. काऊन अडून राहिला?"

"वाटा ठेवला राहिला का मानसाले बाहेर यावाच लागते," म्हणाला आणि आत गेला.

शिट्टी वाजेपर्यंत तो द्रोण मी हातातून खाली ठेवला नाही.