न धुतलेली टाकी

आमचं ध्यान, म्हणजे माझा नवरा, स्वच्छतेचा अवतार. माझा शेवटचा घास तोंडात जायच्या आत ताट घासायला नेणारा माणूस. नोकरीही तशीच मिळाली: समुद्राचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत टाकी सांभाळायची. खोलीभर लांब, काचेची, पाण्याने भरलेली, तळ उतरता. वरच्या टोकाने गढूळ पाणी सोडलं की ते जड असल्यामुळे तळ धरून खाली घसरतं. खऱ्या समुद्रातही असे गाळाचे लोंढे जातात आणि पाण्याखालच्या उतारावर नदीसारखी वळणावळणाची पात्रं तयार होतात म्हणे. तसं एक पात्र टाकीत आपसूक तयार व्हावं, एवढंच तिथल्या शास्त्रज्ञ मॅडमना हवं होतं.

सहा वर्षं झालं नाही. लोंढा यायचा, पसरायचा, खेळ खलास. मग मॅडमच्या नियमाप्रमाणे सगळा गाळ उपसून तळ लख्ख धुवायचं काम याचं. शेवटी वरून हुकूम आला, शुक्रवारपर्यंत काही दिसलं नाही तर टाकी मोडायची आणि याला घरी बसवायचं. आमचा जीव टांगणीला.

नेमकी गुरुवारी याच्या कंबरेत उसण भरली. वाकता येईना, सांगायची लाज. त्या दिवशीचा गाळ तसाच ठेवून पठ्ठ्याने वरून पाणी भरलं.

शुक्रवारी मी डबा घेऊन गेले तेव्हा मॅडम लोंढा सोडत होत्या. काय सांगू तुम्हाला, तो थेट कालच्या गाळातल्या पुसटशा खुणेत शिरला! बाहेर सांडला तेवढा गाळ दोन्ही कडांना बसला, मधली वाट मोकळी. गढूळपणा निवळेपर्यंत आम्ही काचेला नाक लावून उभे. दुसऱ्या लोंढ्याला कडा बोटभर चढल्या. चौथ्याला वाटेला चक्क वळण! मॅडम स्टुलावर चढल्या. मी डबा कुठे ठेवला ते आजतागायत आठवत नाही.

हा मात्र पांढराफटक. आज वेगळं काय केलं, असं मॅडमनी विचारलं. मी डोळे वटारून गप्प राहायला खुणावतेय, पण हा कसला ऐकतो.

"टाकी धुतली नाही मी."

मॅडम स्टुलावरून उतरल्या. "म्हणजे सहा वर्षं आपणच ते पुसत होतो."

"आपण कसले, मी," म्हणाला आणि तिथेच लहान मुलासारखा रडला. रडता रडता हसायलाही लागला.

टाकी राहिली, हाही राहिला. आता तिच्यावर त्याच्याच अक्षरात पाटी आहे, धुवायची नाही. रोज जेवण झालं की तिच्यासमोर हात मागे बांधून उभा राहतो म्हणे.