दादांच्या फोनवरचं ग्रंथालय

कुलकर्णी मॅडमना फोन केला की त्या कधी ‘हॅलो’ म्हणत नसत. ‘‘ग्रंथालय. बोला, काय वाचताय?’’ एवढंच. मग त्या भाजी निवडत असोत, रिक्षात असोत, नाहीतर कुणाच्या बारशाला गेलेल्या असोत. एकदा गॅस सिलिंडरवाल्याचा फोन आला. तो बिचारा घाबरून म्हणाला, ‘‘काही नाही वाचत मॅडम.’’ तर त्यालाच ऐकावं लागलं, ‘‘का बरं? डोळे चांगले आहेत ना?’’

संभाजीनगरातल्या आमच्या कॉलेजच्या त्या ग्रंथपाल. आम्ही निम्मी पोरं बाहेरगावची. कुणी दौलताबादचं, कुणी खुलताबादचं, मी तर पार पिशोरची. तास संपला की बस गाठायची घाई, ग्रंथालयात बसतंय कोण! मॅडम म्हणाल्या, ‘‘तुम्ही येत नाही ना, मग मीच येते.’’ आणि त्यांनी ग्रंथालय आमच्या मोबाईलवर आणलं. पुस्तक शोधा, राखून ठेवा, मुदत वाढवा, ई-पुस्तकं वाचा, सगळं बसल्या जागी. पुस्तक परत करायच्या आठवणीचा निरोप मात्र त्या स्वतः लिहायच्या: ‘रसायनशास्त्र पाहुणं म्हणून आलं होतं. आता त्याची पाठवणी करा.’ खुलताबादच्या एका पोराने अख्ख्या पुस्तकाचे फोटो मागितले, तेव्हा त्याला उत्तर गेलं, ‘घास पाठवते. ताट इथं येऊन जेव.’ आणि एक प्रकरण पाठवलं.

आता माझं सांगते. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असताना आई गोठ्यात घसरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. भाऊ पुण्याला कंपनीत. म्हणजे चूल, गुरं, आईचं सगळं माझ्या गळ्यात. कॉलेज सुटलं. दादा, म्हणजे माझे वडील, एकच वाक्य बोलून मोकळे झाले, ‘‘यंदा पास झाली तर पुढं बघू. नाय तर लगीन.’’ पुस्तकं सगळी संभाजीनगरात, परीक्षा तोंडावर. उरलं फोनवरचं ग्रंथालय.

ते उघडायला दर वेळी ओटीपी लागायचा आणि तो जायचा दादांच्या फोनवर. आमच्याकडे पोरीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर बापाचाच नंबर पडतो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. दादा अद्रकाच्या वावरात. मी फोन करून म्हटलं, ‘‘दादा, आत्ता एक नंबर आला आसंल, तेवढा सांगा.’’ तर म्हणतात कसे, ‘‘ओटीपी कुनालाच सांगायचा नसतो. फोनमधली बाई रोज सांगती. खातं रिकामं व्हतं!’’ मी परोपरीनं समजावलं. पण छे! दादा ढिम्म.

वैतागून मी मॅडमना फोन लावला आणि रडत रडत म्हटलं, ‘‘मॅडम, गुपचूप माझा नंबर टाका ना.’’

‘‘नक्को,’’ मॅडम म्हणाल्या. शहरातल्या गल्लीतला तो दख्खनी ‘नक्को’ त्यांच्या तोंडी मजेशीर वाटायचा, पण त्या दिवशी मला भयंकर राग आला. ‘‘चोरून उघडलेलं पुस्तक दार वाजलं की मिटावं लागतं. मी येते तिकडं.’’

आणि खरंच आल्या. रविवारी एसटीने, धुळीने माखलेल्या, खांद्याला पिशवी. आईच्या खाटेजवळ सतरंजीवर बसल्या, तिच्या पायाची चौकशी केली, चहा घेतला. मग दादांकडे वळल्या. ‘‘भाऊ, ओटीपी परक्याला सांगायचा नाही, हे तुमचं शंभर टक्के बरोबर. मला फक्त एक सांगा, पोरगी आत्ताच परकी झाली का?’’

बोलली ती आई. आमची आई माणसांत कधी तोंड उघडत नाही. ती खाटेवरून म्हणाली, ‘‘नाय. अजून नाय झाली.’’

मॅडमनी विचारलं, ‘‘नंबर बदलून तिचा टाकू का?’’ दादा म्हणाले, ‘‘नको. माह्याच नंबरवर येऊ द्या. म्या सांगतो तिला.’’ मला वाटलं, झालं, पुन्हा तेच! पण मॅडम हसून ‘‘चालेल’’ म्हणाल्या. जाताना माझ्या कानाशी कुजबुजल्या, ‘‘असू दे गं. बापालाही जरा ग्रंथालयात येऊ दे.’’

दुसऱ्या दिवसापासून नवाच तमाशा. वावरात रेंज धड नाही; फोन कसाबसा लागायचा, पण ओटीपी अडकायचा. मी अर्धी भाकरी तव्यावर असताना ग्रंथालय उघडायला घ्यायचे, आणि मुदत संपायच्या आत दादा बांधावरून टेकाडावर पळत जाऊन एकेक आकडा ओरडून सांगायचे. धाप लागलेली असायची. हळूहळू आकड्यांच्या मागून एक प्रश्नही यायला लागला, ‘‘आज काय वाचनारंय?’’ मी सांगायचे. त्यांना ओ की ठो कळायचं नाही, पण ‘‘लई अवघड दिसतंय’’ म्हणून समाधानाने फोन ठेवायचे.

मी पास झाले. चांगली पास झाले. एमएस्सीला नंबरही लागला. त्याच आठवड्यात कन्नडहून पाहुणे आले, मला बघायला. मी आतल्या खोलीत वाचत होते. कुणीतरी म्हणालं, पोरीला बोलवा. दादा ओट्यावरून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, ‘‘आत्ता नाय. पोरगी वाचतीया.’’

मी आनंदाने वेडीच झाले. लगेच मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्या खो खो हसल्या. ‘‘पाहुण्यांना चहा तरी पाजलात का?’’ म्हणाल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, ‘‘तुला एक सांगू?’’

‘‘सांगा ना मॅडम.’’

‘‘मलाही एमएस्सी करायचं होतं. पाहुणे आले तेव्हा मीसुद्धा आतल्या खोलीत वाचत होते. आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हाक मारली. म्हणाले, पुस्तक ठेव आणि पोहे घेऊन ये.’’